गॉवर (वेल्स): आई-बाबांना 'नुसतं गवत' दाखवायला न्यावं का?

अबोली_ब
नमस्कार मंडळी,
आई-बाबा जूनच्या सुरुवातीला नाशिकहून आमच्याकडे रेडिंगला येतायत, ऑगस्टअखेरपर्यंत आहेत. लंडन मागच्या खेपेला झालं. राजवाडे, पूल, संग्रहालयं यांना आईने आता हात जोडलेत. "इमारती पुरे, जरा मोकळं काहीतरी दाखव" असं फोनवर बजावून झालंय. ऑफिसातल्या एका मैत्रिणीने वेल्समधल्या गॉवरचे फोटो दाखवले. उघडे माळ, त्यावर चरणारे घोडे, खाली समुद्र. मी तर प्रेमातच पडले. नवऱ्याचं म्हणणं, तीन तास गाडी हाणून बघायचं काय, तर नुसतं गवत! ते घरामागच्या पार्कातही आहे.

तर, खरंच जाण्यासारखं आहे का? बाबा ७३ वर्षांचे, सपाटीवर तासभर आरामात चालतात, पण एक गुडघा कुरकुरतो, चढ नको. आई शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. जून बरा की ऑगस्ट? एक रात्र राहायचा विचार आहे.

(बाबा रेल्वेतून निवृत्त झालेत. कुठल्याही सहलीत रेल्वेचं काहीतरी बघायला मिळालंच पाहिजे, ही अट वेगळी.)

कार्डिफकर
जा. डोळे मिटून जा. म्हणजे पोचल्यावर उघडा.

थोडी भूगोलाची उजळणी करतो, म्हणजे यजमानांना सांगता येईल. स्वान्सी शहराच्या पश्चिमेला समुद्रात घुसलेलं हे छोटं द्वीपकल्प. ब्रिटनमध्ये 'विशेष निसर्गसौंदर्याचा प्रदेश' म्हणून सरकारी संरक्षण मिळालेला पहिला भाग हाच, साल १९५६. दक्षिण किनारा चुनखडीच्या कड्यांचा, त्यावर शेतं. पण मधूनमधून जुन्या तांबड्या वालुकाश्माच्या टेकड्या वर आल्यात. त्यांची माती आंबट आणि निकस, नांगर लावण्यात अर्थ नाही, म्हणून तिथे शेती न होता माळ राहिले. रॉसिली डाउन, हार्डिंग्ज डाउन ('डाउन' म्हणजे इथे उघडी टेकडी), लानमॅडॉक हिल आणि मधोमध पाठीच्या कण्यासारखा केव्हन ब्रिन. सगळ्यात उंच रॉसिली डाउन, १९३ मीटर.

उत्तरेकडे वेगळाच नूर. तिथे वेल्श मूर, फेअरवुड कॉमन अशा दलदलीच्या, गवताचे झुबके असलेल्या सपाट जागा आहेत. पर्यटक फिरकत नाहीत. फेअरवुडवर दुसऱ्या महायुद्धात विमानतळ बांधला, तो छोटेखानी स्वरूपात अजून आहे, आणि त्याच्या कडेने गाई चरतात.

पेंगुळलेला
१९३ मीटर?? आमच्या गावात याला टेकाड म्हणतात आणि त्यावर मारुतीचं देऊळ असतं.

कार्डिफकर
पेंगुळलेला, बरोबर आहे. पण तुमचं टेकाड समुद्रातून थेट वर येत नाही. इथे एका बाजूला पायाखाली पाच किलोमीटर लांब वाळू आणि दुसऱ्या बाजूला अख्खं गॉवर. उंची आकड्यात बघू नका.

भटक्या_खवय्या
मी जरा उलट बोलतो. एवढं वेल्सला जाताय तर बॅनाय ब्रुखेनिओगला (पूर्वीचं ब्रेकन बीकन्स) जा. खरे डोंगर, खरी मूरलँड (उंचावरचे उघडे माळ), पेन-ई-फॅन ८८६ मीटर, शिवाय धबधबे. गॉवर म्हणजे सर्फिंगवाल्यांचा आणि कॅम्पर व्हॅनवाल्यांचा किनारा झालाय. जुलै-ऑगस्टच्या शनिवारी त्या अरुंद रस्त्यांवर समोरून गाडी आली की शंभर फूट रिव्हर्स. दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच झुडपांचे बांध, दिसत काही नाही. सुट्टी आहे की ड्रायव्हिंगची परीक्षा!

कार्डिफकर
आणि ७३ वर्षांचा गुडघा पेन-ई-फॅनवर नेणार? तुम्हाला धागा न वाचताच प्रतिसाद द्यायची खोड आहे.

भटक्या_खवय्या
वाचला होता. डोंगर खालूनही बघता येतो.

माईआजी
अबोली, मी त्याच वयाची, आणि सांगलीहून लेकाकडे स्वान्सीला जाऊन आलेली. म्हणून माझं ऐक.

मला पहिल्यांदा तिथे उतरवलं तेव्हा वाटलं, हे काय, ना झाड ना सावली ना चहाची टपरी. वारा असा की पदराचं काही खरं नाही. लेकाने खुर्ची मांडून दिली, हातात थर्मास दिला आणि नातवंडांना घेऊन तो पुढे गेला. मग हळूहळू दिसायला लागलं. चंडोल जमिनीतून सुटल्यासारखा वर जातो आणि वरच थांबून गात राहतो, खाली यायचं नावच नाही. मेंढ्या रस्त्याच्या मधोमध बसलेल्या. गाड्या थांबतात, कोणी हॉर्न वाजवत नाही. मेंढीला वाटेल तेव्हा ती उठते. एक घोडी शिंगरू घेऊन अगदी जवळून गेली, माझ्याकडे ढुंकून बघितलं नाही. आमच्या ह्यांनी आयुष्यात कधी फोटो काढायला सांगितलं नाही, तिथे स्वतःहून सांगितलं.

कानटोपी, स्वेटर आणि वारा अडवणारं जाकीट जूनमध्येसुद्धा लागतं. शाल उपयोगाची नाही, उडते. आणि स्वच्छतागृह गावात किंवा पार्किंगपाशीच, माळावर काही नाही. निघायच्या आधी जाऊन यायचं, लाजायचं नाही.

रानजाई
माईआजी, चंडोलाचं अगदी नेमकं लिहिलंत. गप्पीदासाचा तिकडचा भाऊबंदही गॉर्स नावाच्या काटेरी झुडपाच्या शेंड्यावर बसून खडे एकमेकांवर आपटल्यासारखा आवाज करतो, तो ऐकलात का? किनाऱ्याच्या कड्यांवर लाल चोचीचे कावळे (चफ) दिसतात तेही बघा.

जून की ऑगस्ट? मी ऑगस्ट म्हणेन. तेव्हा माळावरचं हेदर नावाचं बुटकं झुडूप फुलतं, जांभळं. आणि बुटका वेस्टर्न गॉर्स त्याच सुमारास पिवळा होतो. जांभळं-पिवळं असं विणल्यासारखं एकमेकांत मिसळलेलं, मैलभर. जूनमध्ये दिवस मोठा, साडेनऊपर्यंत उजेड, गर्दी कमी, पण हेदर अजून तपकिरी असतं. 'नुसतं गवत' म्हणणाऱ्या नवऱ्याला ऑगस्टच दाखवा.

एक काळजी घ्या. ब्रॅकन नावाचं कमरेएवढं नेचं सगळीकडे माजलेलं असतं आणि त्यात गोचिडी असतात. त्यांच्यामुळे लाइम नावाचा आजार होऊ शकतो. पायवाट सोडू नका, विजार मोज्यात खोचा, रात्री सगळ्यांचे पाय तपासा. अ‍ॅडर हा ब्रिटनमधला एकमेव विषारी साप तिथे आहे, पण तोच तुम्हाला टाळतो.

आडकित्ता
साहेबाच्या देशातला माळ असला की तो 'लँडस्केप'. आपला असला की 'पडीक जमीन'. चालू द्या.

आणि एक बाळबोध प्रश्न. एवढी जागा मोकळी आहे, हिरवळीचं एवढं कौतुक आहे, तर झाडं का लावत नाहीत?

रानजाई
प्रश्न बाळबोध नाही. हजारो वर्षांपूर्वी तिथे झाडं होतीच. माणसाने ती तोडली, जनावरं सोडली. रॉसिली डाउनवर कांस्ययुगातल्या दगडांच्या राशी आहेत, म्हणजे माणसाचा वावर किती जुना ते बघा. तेव्हापासून चरणं, तुडवणं आणि अधूनमधून हिवाळ्यात ठरवून केलेली जाळपोळ यामुळे माळ उघडा राहिला. त्या उघडेपणावर जगणारे जीव आता तिथलेच झालेत. वेल्श मूरवर मार्श फ्रिटिलरी नावाचं फुलपाखरू आहे. त्याच्या अळ्या डेव्हिल्स-बिट स्केबियस या एका रानफुलाच्या पानांवर वाढतात. चराई अगदी थांबली तर गवत आणि झुडपं माजून ते रोप झाकलं जातं. अति झाली तर रोपच उरत नाही. मेंढी फार बारीक कुरतडते, घोडे आणि गाई जाडंभरडं गवतही ओरबाडतात, म्हणून दलदलीच्या माळावर त्यांचीच गरज जास्त.

आपल्या सड्यांवरही (खडकाळ पठारांवर) सरसकट झाडं लावायचे कार्यक्रम होतात तेव्हा माझा जीव असाच खालीवर होतो. पातळ मातीवर येणारी कंदमुळं, कीटकभक्षी झाडं, सगळं खड्ड्यात जातं, शब्दशः.

सातारी_कंदी
मला वेगळंच कुतूहल आहे. हे म्हणजे त्यांचं गायरानच ना? मग ते शिल्लक कसं राहिलं? आमच्याकडे गायरान म्हटलं की आधी टपरी, मग पत्र्याची शेड, मग एखाद्या संस्थेचा बोर्ड. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवा म्हणून निकाल दिला, तरी गावोगाव काय चित्र आहे ते सगळ्यांना माहीत आहे.

कार्डिफकर
कंदीराव, जवळपास गायरानच, पण एक मोठा फरक आहे. आपलं गायरान सरकारचं किंवा ग्रामपंचायतीचं. इथे 'कॉमन' जमिनीला खासगी मालक असतो, एखादी जुनी जहागीर किंवा नॅशनल ट्रस्ट ही वारसा जपणारी संस्था. पण चराईचा हक्क आजूबाजूच्या ठरावीक शेतांना असतो. १९६५च्या कायद्याने या हक्कांची नोंदवही झाली: अमुक शेताला इतक्या मेंढ्या, इतक्या गाई, इतके घोडे सोडायचा अधिकार. मालक आहे म्हणून कुंपण घालता येत नाही, हक्क आहे म्हणून घर बांधता येत नाही. दोघांनी एकमेकांचे हात बांधून ठेवलेत, त्यात माळ वाचला. म्हणजे ते घोडे दिसतात मोकाट, पण प्रत्येकाला धनी आहे.

सामान्य माणसाला अशा जमिनीवर पायी भटकायचा कायदेशीर हक्क मात्र अलीकडचा. कायदा २००० सालचा, वेल्समध्ये अंमल २००५पासून. १ मार्च ते ३१ जुलै कुत्रा साखळीलाच हवा, पक्ष्यांची अंडी-पिल्लं असतात.

आणि साहेबाचं फार कौतुक नको, अतिक्रमण इथेही झालं. ब्रिटनभर अशा लाखो एकर जमिनी अठराव्या-एकोणिसाव्या शतकात संसदेत कायदे करूनच कुंपणात घातल्या गेल्या. आपल्याकडे रात्रीत शेड उभी राहते, त्यांनी दिवसाढवळ्या ठराव केले एवढंच.

सातारी_कंदी
शेवटच्या वाक्याला दंडवत.

आडकित्ता
चला, या धाग्यावर एक तरी माणूस माझ्या बाजूने बोलला.

रुळावरचा
बाबा रेल्वेतले आहेत हे इतक्या लोकांनी वाचलं आणि एकालाही मम्बल्स आठवू नये? धिक्कार!

अबोलीताई, गॉवरच्या तोंडाशीच मम्बल्स आहे. जगात भाडं घेऊन प्रवासी नेणारी पहिली रेल्वे स्वान्सी ते मम्बल्स, २५ मार्च १८०७. म्हणजे आपली बोरीबंदर-ठाणे गाडी सुटायच्या ४६ वर्षं आधी. डबा ओढायला घोडा! रूळ मुळात दगड-कोळसा वाहायला टाकले होते, त्यावर माणसं बसवली. १८७७पासून वाफेचं इंजिन आलं, १९२९ला वीज आली आणि दुमजली भल्यामोठ्या ट्राम धावायला लागल्या. आणि जानेवारी १९६०मध्ये बंद. बसवाल्यांनी गिळली. आज त्याच मार्गावरून खाडीच्या कडेने चालायची आणि सायकलची वाट आहे, संपूर्ण सपाट. बाबांच्या गुडघ्याला यापेक्षा चांगलं काही मिळणार नाही.

अबोली_ब
अरे देवा! बाबांना हे आत्ताच फोनवर वाचून दाखवलं. पहिला प्रश्न: "गेज किती होतं?" दुसरा: "घोड्याला पाणी कुठे पाजायचे?" गॉवर आता रद्द होणं शक्य नाही. रुळावरचा, गेज सांगा हो, नाहीतर रोज विचारतील.

रुळावरचा
शेवटी दोन रुळांत चार फूट साडेआठ इंच, स्टँडर्ड. घोड्याच्या पाण्याचं बाबांनीच तिथे जाऊन शोधावं आणि इथे येऊन लिहावं.

भटक्या_खवय्या
बरं, हरलो. आता माझ्या खात्यात येतो.

गॉवरच्या उत्तर किनाऱ्यावर पेनक्लाउड नावाचं गाव. तिथल्या बायका ओहोटीला गाढवं घेऊन खाडीत जात, वाळू खरवडून कॉकल म्हणजे तिसऱ्यांच्या जातीच्या छोट्या शिंपल्या काढत आणि स्वान्सीच्या बाजारात विकत. आपल्या कोळणींसारखंच, पहाटे कंबरेत वाकून काम आणि दुपारी बाजारात भाव. आता गाढवं नाहीत, पण स्वान्सी मार्केटात कॉकल मिळतात, मिरी आणि व्हिनेगर घालून. शेजारीच लेव्हरब्रेड, समुद्री शेवाळ तासन्तास शिजवून केलेला काळा-हिरवा लगदा. खारवट पाणथळीवर चरणाऱ्या मेंढ्यांचं मटण हीसुद्धा खास गॉवरची चीज, २०२१मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

आईंसाठी: वेल्श केक्स. तव्यावर भाजलेल्या छोट्या गोड चकत्या, मनुका घातलेल्या. चहाबरोबर झकास.

माईआजी
खवय्या, वेल्श केकमध्ये अंडं असतं. आणि जुन्या पद्धतीने करतात तिथे डुकराची चरबीसुद्धा. मी विचारल्याशिवाय तोंडात काही घालत नाही. अबोली, तुझा तो लेव्हरब्रेड शेवाळाचा म्हणून शाकाहारी समजशील, तर तो बहुतेक ठिकाणी बेकनच्या चरबीत परततात. बटाटा भाजून वर चीज आणि बीन्स, हे मिळतं. बाकी दशम्या, लसणाची चटणी आणि लिंबाचं लोणचं घरून. वारा इतका की चटणीची पुडी उघडायची ती पाठ करूनच, नाहीतर मेंढ्यांना खोकला.

पेंगुळलेला
"मेंढ्यांना खोकला" हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

इतिहासवेडा
उशिरा आलो. दोन गोष्टी राहिल्यात.

एक, पॅव्हिलँडची गुहा. दक्षिण कड्यात आहे, तिथे जाणं अवघड, बाबांना नेऊ नका, पण गोष्ट सांगा. १८२३ साली विल्यम बकलंड या भूगर्भशास्त्रज्ञाला तिथे गेरूने माखलेला सांगाडा मिळाला, सोबत हस्तिदंताच्या वस्तू. त्याने ठरवलं, ही रोमन काळातली बाई. नाव पडलं 'रेड लेडी'. पुढे कळलं की तो तरुण पुरुष आहे आणि वय सुमारे ३३ हजार वर्षं. नाव मात्र बदललं नाही. पश्चिम युरोपातल्या विधिपूर्वक दफनाच्या सर्वात जुन्या उदाहरणांपैकी हे एक. आज तिथे खाली समुद्र आहे, पण हिमयुगात पाणी खूप खाली होतं आणि गुहेसमोर मैलोन्‌मैल सपाट मैदान होतं, मॅमथ फिरत होते.

दोन, रॉसिलीच्या चर्चमध्ये एडगर इव्हान्सचं स्मारक आहे. रॉबर्ट स्कॉटच्या ब्रिटिश मोहिमेबरोबर दक्षिण ध्रुवावर पोचला आणि १९१२ला परतीच्या वाटेवर गेला. तो या गावचा. मी तिथे पहिल्यांदा उभा होतो तेव्हा पाऊस आडवा येत होता, आणि वाटलं, इथे जन्मलेल्या पोराला थंडीवाऱ्याचं कसलं भय.

डबेवाला_नातू
वर्म्स हेडबद्दल कोणी बजावलं नाही? रॉसिलीच्या टोकाला समुद्रात लांबोडकं बेट आहे, ओहोटीत खडकांवरून चालत जाता येतं. ओहोटीच्या आधी अडीच तास आणि नंतर अडीच तास, एवढीच मुदत. ब्रिस्टल खाडीतली भरती-ओहोटीची तफावत जगातल्या सर्वात मोठ्यांपैकी आहे, पाणी चढतं ते बघता बघता. मी कड्यावरून पाहिलं, एक जोडपं पलीकडे अडकलं होतं. पोहून यायचा विचार करू नये, अशी तिथे पाटीच आहे. त्यांना पुढच्या ओहोटीपर्यंत बसावं लागलं, सोबत बिस्किटंही नव्हती. बाबांसाठी तर हा भाग बादच, खडक निसरडे आहेत. पण तरुण मंडळी जाणार असतील तर टेहळणीच्या खोलीपाशी वेळा लिहिलेल्या असतात, त्या वाचल्याशिवाय खाली पाय ठेवू नका.

अबोलीचा_नवरा
खास या धाग्यासाठी आयडी काढला. मी 'नुसतं गवत' म्हणालो होतो, 'जाऊ नका' नाही. आणि घरात तिसऱ्यांदा हा धागा मोठ्याने वाचला जातोय. मला फक्त एवढं सांगा, गाडी कुठे लावायची.

कार्डिफकर
या या जावईबापू. बेत लिहून देतो.

पहिल्या दिवशी केव्हन ब्रिन, रॉसिली नव्हे. रेनल्ड्स्टन गावातून रस्ता थेट माळावर चढतो, वरच रस्त्याकडेला गाडी लावायची जागा आहे. म्हणजे चढ गाडी चढते, गुडघा नाही. तिथून जवळपास सपाट पायवाटेने जेमतेम पाऊण किलोमीटरवर आर्थर्स स्टोन. नवाश्मयुगातली दफनाची जागा, वरची शिळा पंचवीस टनांच्या घरातली. राजा आर्थरच्या बुटात खडा टोचला म्हणून त्याने खाडीपलीकडून भिरकावला, तोच हा, अशी कथा. ब्रिटनमध्ये प्राचीन स्मारकं जपायचा पहिला कायदा १८८२चा, त्याच्या पहिल्याच यादीत हा होता. तिथून उत्तरेची खाडी आणि दक्षिणेचा समुद्र दोन्ही दिसतात. पाऊस झाला असेल तर पायवाटेवर पाणी साचतं, बूट घाला. त्याच रस्त्याने थोडं खाली उतरलं की ब्रॉड पूल नावाचं तळं, घोडे पाणी प्यायला येतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी रॉसिली. नॅशनल ट्रस्टचं पार्किंग आहे, पैसे पडतात. डाउनवर चढू नका, पायऱ्या सरळ अंगावर येतात. पार्किंगपासून टेहळणीच्या खोलीपर्यंतची वाट जवळजवळ सपाट आहे. तिच्या एका बाजूला मध्ययुगातली पट्टे-पट्टे शेती अजून तशीच आहे, मध्ये गवताचे बांध. नाशिकच्या माणसाला बांध दाखवा, तासभर बोलतील. ऑगस्टात आलात तर काही पट्ट्यांत सूर्यफुलंही असतात. परत येताना मम्बल्स.

माईआजी
बाकी सगळं बरोबर, पण वेळा सांभाळ. ऑगस्टात रॉसिलीला दहाच्या आत पोचलं नाही तर पार्किंगची रांग गावाबाहेर. आणि केव्हन ब्रिनला संध्याकाळच बरी, माणसं पांगलेली असतात. तेव्हा रात्रीचा मुक्काम दोन्हींच्या मध्ये धरा, आणि माळावरून अंधारात गाडी ताशी वीस मैलांच्या वर नेऊ नका. काळी गाय काळ्या रस्त्यावर बसलेली दिसत नाही.

भटक्या_खवय्या
माईआजींचं ऐका. आणि धुकं आलं तर रागावू नका, मी गेलो होतो तेव्हा आर्थर्स स्टोन हाताला लागला तेव्हाच दिसला.

अबोली_ब
ठरलं. ऑगस्टचा दुसरा आठवडा, मंगळवार-बुधवार, माईआजींच्या वेळा सांभाळून. दशम्या आई करणार आहे. बाबांनी मम्बल्स रेल्वेच्या प्रश्नांची वही घातलीय. रुळावरचा, तयारीत रहा, सतरा प्रश्न झालेत.

रुळावरचा
पाठवा. विजेच्या ट्राममध्ये किती माणसं बसायची हा प्रश्न असेलच, आधीच उत्तर देतो: १०६.

पावसाळी_पाखरू
छान धागा. आमच्याकडे गाडी नाही. लंडनहून ट्रेनने स्वान्सी आणि पुढे बसने रॉसिली जमेल का? रविवारी?

कार्डिफकर
पॅडिंग्टनहून स्वान्सी तीन तासांच्या आसपास. पुढे स्वान्सीच्या बसस्थानकावरून रॉसिलीची बस आहे, तासभर लागतो. रविवारच्या फेऱ्या उन्हाळ्या-हिवाळ्यात बदलतात, जायच्या आधी वेळापत्रक बघाच. आणि शेवटची परतीची बस कितीला, हे उतरतानाच ड्रायव्हरला विचारून ठेवा.